बारावी जीवशास्त्र: क्रोमोसोमची मोजणी, टेम्प्लेट स्ट्रँड, एंडोस्पर्मची प्लॉइडी... नेमकं कुठे चुकतं?

पानगळ (प्रश्न)

नमस्कार. बारावी सायन्सला आहे, बोर्डाबरोबर नीटची तयारी चालू आहे. धडा वाचताना कळतो, पण प्रश्न सोडवायला घेतले की ठरावीक जागीच अडतं. त्या जागा लिहिते:

१. एस फेजमध्ये डीएनए दुप्पट होतो, मग क्रोमोसोम दुप्पट का धरत नाहीत? मायटोसिसच्या ॲनाफेजला माणसाच्या पेशीत ९२ क्रोमोसोम, तर मिऑसिसच्या ॲनाफेज-१ ला ४६ च का?

२. डीएनएचा सिक्वेन्स देऊन एमआरएनए विचारला की टेम्प्लेट आणि कोडिंग स्ट्रँडमध्ये गडबड होते. कधी उत्तर बरोबर येतं, कधी पूर्ण उलटं.

३. एंडोस्पर्म (बीमधली भ्रूणाला पोसणारी ऊती) ३एन हे पाठ आहे. पण मादी झाड टेट्राप्लॉइड (क्रोमोसोमचे चार संच असलेलं) असेल तर काय, असं विचारलं की काहीच सुचत नाही.

४. वॉटर पोटेन्शिअल उणे ५ आणि उणे ६ असेल तर पाणी कुठून कुठे जाणार?

५. एका ग्लुकोजपासून एटीपी ३८, ३६, ३२ की ३०? प्रत्येक पुस्तकात वेगळा आकडा.

पाठांतराच्या युक्त्या भरपूर मिळाल्या आहेत. असं का होतं ते कुणी सांगेल का?

---

गुणसूत्रे

पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण तो पक्का झाला की मिऑसिस, गॅमेटोजेनेसिस आणि आनुवंशिकता या तिन्ही धड्यांतले बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

पुस्तकातल्या तक्त्यात दोन वेगळ्या मोजण्या शेजारी शेजारी असतात. 'एन' म्हणजे क्रोमोसोमचे संच. 'सी' म्हणजे डीएनएचं प्रमाण. दोन्ही एकाच वेळी वाढतात किंवा एकाच वेळी निम्म्या होतात असं गृहीत धरलं की चूक ठरलेलीच. नियम एवढाच: क्रोमोसोम मोजायचे तर सेंट्रोमिअर मोजा, डीएनएचे रेणू मोजायचे तर क्रोमॅटिड मोजा.

एस फेजमध्ये प्रत्येक डीएनए रेणूची प्रत तयार होते, पण दोन्ही प्रती कोहेसिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना बांधलेल्या राहतात. त्या सुट्या होत नाहीत तोवर त्यांना दोन सिस्टर क्रोमॅटिड असलेला एकच क्रोमोसोम म्हणायचं. म्हणून जी-१ मध्ये (एस फेजच्या आधी) ४६ क्रोमोसोम, २सी. एस नंतर आणि जी-२ मध्येही ४६ क्रोमोसोमच, पण ९२ क्रोमॅटिड, ४सी.

आता ॲनाफेज. मायटोसिसमध्ये सेंट्रोमिअरजवळचं कोहेसिन तुटतं, सिस्टर क्रोमॅटिड वेगळे होतात आणि त्या क्षणापासून प्रत्येक क्रोमॅटिडला स्वतंत्र क्रोमोसोम म्हणतात. पेशी अजून एकच आहे, म्हणून त्या पेशीत ९२. डीएनए तेवढाच, ४सी. साइटोकायनेसिस झालं की प्रत्येक पेशीत ४६ आणि २सी.

मिऑसिसच्या ॲनाफेज-१ मध्ये कोहेसिन तुटतं ते फक्त क्रोमोसोमच्या बाहूंवरचं. सेंट्रोमिअरपाशी शुगोशिन नावाचं प्रथिन त्याला राखून ठेवतं. त्यामुळे सिस्टर क्रोमॅटिड जोडलेलेच राहतात आणि होमोलॉगस क्रोमोसोम (जोडीतला एक आईकडचा, एक वडिलांकडचा) एकमेकांपासून दूर जातात. सेंट्रोमिअर फुटला नाही, म्हणून मोजणी वाढली नाही: पेशीत ४६, प्रत्येक ध्रुवाकडे २३, त्यातल्या प्रत्येकाला अजून दोन क्रोमॅटिड.

मिऑसिस-१ संपल्यावर मिळणारी पेशी एन असते, पण तिच्यात डीएनए २सी असतो. सगळ्यात जास्त मार्क जातात ते इथे. 'हॅप्लॉइड आहे म्हणजे १सी' असं लिहिलं जातं. सेकंडरी ऊसाइट हे याचं परीक्षेतलं आवडतं उदाहरण. ओव्ह्युलेशनला बाहेर पडणारी पेशी मेटाफेज-२ ला थांबलेली सेकंडरी ऊसाइट असते: २३ क्रोमोसोम, ४६ क्रोमॅटिड, २सी. शुक्रपेशी आत शिरल्यावरच तिचं मिऑसिस-२ पूर्ण होतं.

ॲनाफेज-२ मध्ये पुन्हा सेंट्रोमिअर फुटतात, त्यामुळे पेशीत थोडा वेळ ४६ दिसतात आणि शेवटी प्रत्येक पेशीला २३ व १सी मिळतं.

प्रश्न वाचताना दोन शब्दांखाली रेघ मारा. 'पेशीत' विचारलंय की 'प्रत्येक ध्रुवाशी'? आणि 'क्रोमोसोम' की 'बायव्हॅलंट' (एकत्र आलेली होमोलॉगस जोडी)? प्रोफेज-१ मध्ये २३ बायव्हॅलंट म्हणजे ४६ क्रोमोसोम म्हणजे ९२ क्रोमॅटिड. तिन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न बदलला की उत्तर बदलतं.

सरावासाठी २एन = ४ ची पेशी काढा. आईकडचे दोन क्रोमोसोम निळ्या पेनाने, वडिलांकडचे दोन लाल पेनाने. एक जोडी लांब, एक आखूड. जी-१ पासून चारही गॅमेट तयार होईपर्यंत प्रत्येक टप्पा काढा आणि प्रत्येक चित्राखाली सेंट्रोमिअर किती, क्रोमॅटिड किती हे दोन आकडे लिहा. तासाभराचं काम आहे आणि त्यानंतर तक्ता पाठ करायची गरज राहत नाही.

---

प्रयोगवही

वरच्या उत्तराला प्रॅक्टिकलची जोड देते. कांद्यात २एन = १६. म्हणजे जी-१ ला १६ आणि २सी, एस नंतर १६ आणि ४सी, मेटाफेजला १६ (क्रोमॅटिड ३२), ॲनाफेजला पेशीत ३२. हा प्रश्न लेखी आणि तोंडी दोन्हीकडे येतो.

मुळाच्या टोकाची स्लाइड नीट येत नाही त्याची कारणंही ठरलेली आहेत. कांदा पाण्याच्या बाटलीवर असा ठेवायचा की फक्त बूड पाण्याला टेकेल. मुळं २-३ सेंटिमीटर झाली की सकाळी कापायची आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, तीन भाग अल्कोहोल या मिश्रणात २४ तास ठेवायची. मग १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकून स्लाइड हलकी गरम करायची, म्हणजे पेशी एकमेकींपासून सुटतात. ही पायरी गाळली तर पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसतात. त्यानंतर ॲसिटोकार्मिन घालून पुन्हा हलकी ऊब द्यायची. रंग उकळू द्यायचा नाही, बुडबुडे येतात आणि पेशी फाटतात.

सर्वांत महत्त्वाचं: टोकाचा गडद रंगलेला २-३ मिलिमीटर भागच ठेवायचा, बाकीचा फेकून द्यायचा. मायक्रोस्कोपखाली लांबट पेशी दिसल्या तर भाग चुकलाय, तो वाढीचा पट्टा आहे. मेरिस्टेमच्या पेशी छोट्या, चौकोनी आणि मोठ्या केंद्रकाच्या असतात. कव्हरस्लिप ठेवल्यावर फिल्टर पेपरमध्ये धरून अंगठ्याने सरळ खाली दाबायचं. बाजूला सरकवलं की सगळ्या पेशींचा लगदा होतो.

बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच दिसणार. त्यावरून स्लाइड बिघडली असं समजू नका, पेशीचा बहुतांश वेळ त्याच टप्प्यात जातो. आणि मुळाच्या टोकात मिऑसिस शोधू नका. त्यासाठी कळीतले परागकोश लागतात. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

---

अडेनीन

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. 'टेम्प्लेट ३′→५′' एवढं पाठ केल्याने उलटं उत्तर येतं, कारण पेपर काढणारा तोच स्ट्रँड दुसऱ्या टोकाकडून लिहून देतो.

पक्क्या गोष्टी तीन. आरएनए पॉलिमरेज टेम्प्लेट ३′ कडून ५′ कडे वाचतो. आरएनए ५′ कडून ३′ कडे तयार होतो. आणि कोडिंग स्ट्रँड एमआरएनएसारखाच असतो, फक्त टीच्या जागी यू.

उदाहरण घेऊ. टेम्प्लेट:

३′ टीएसी जीजीए एएए एटीसी ५′

एमआरएनए: ५′ एयूजी सीसीयू यूयूयू यूएजी ३′

मेथिओनीन, प्रोलीन, फिनाइलॲलनीन, स्टॉप. छान जमतं.

आता पेपरमध्ये हाच टेम्प्लेट असा छापला जाईल:

५′ सीटीए एएए एजीजी सीएटी ३′

घाईत डावीकडून जोड्या लावत गेलं की 'जीएयू यूयूयू यूसीसी जीयूए' असं काहीतरी येतं. सुरुवातीला एयूजी नाही, शेवटी स्टॉप नाही. चुकल्याची खूण हीच. म्हणून पहिली पायरी: दिलेला स्ट्रँड टेम्प्लेट असेल तर तो ३′ टोक डावीकडे येईल असा पुन्हा लिहून काढा, मगच जोड्या लावा. कोडिंग स्ट्रँड दिला असेल तर जोड्या लावायच्याच नाहीत, ५′ टोक डावीकडे घ्या आणि टीचा यू करा. 'कोडिंग' हा शब्द पाहूनही पुन्हा कॉम्प्लिमेंट काढणारे बरेच असतात.

अँटिकोडॉनलाही हेच लागू. एयूजी कोडॉनसमोर ३′ यूएसी ५′ बसतो. तोच ५′ कडून लिहिला तर सीएयू. दोन्ही बरोबर, पर्यायात टोकं काय दिली आहेत ते पाहा.

सिकल सेलचा म्युटेशनही याच गोंधळात सापडतो. बीटा ग्लोबिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलीन येतं. एमआरएनएवर बदल जीएजीचा जीयूजी. कोडिंग स्ट्रँडवर जीएजीचा जीटीजी. टेम्प्लेटवर, ३′ कडून वाचताना, सीटीसीचा सीएसी. एकाच बदलाची ही तीन रूपं. 'ए च्या जागी टी' आणि 'टी च्या जागी ए' ही दोन्ही विधानं खरी असू शकतात. कोणत्या स्ट्रँडबद्दल बोलतोय ते आधी ठरवायचं.

प्रमोटर जीनच्या '५′ बाजूला' असतो म्हणतात तेही कोडिंग स्ट्रँडच्या टोकांवरून. टेम्प्लेटकडून पाहिलं तर तो ३′ बाजूला येईल. संदर्भ कोडिंग स्ट्रँडचा, हे लक्षात असू द्या.

---

बीजांड

एंडोस्पर्मसाठी '३एन' हे उत्तर विसरा आणि बेरीज करा:

भ्रूण = अंडपेशी + एक नर गॅमेट
एंडोस्पर्म = दोन पोलर न्यूक्लिअस + एक नर गॅमेट

अंडपेशी आणि दोन्ही पोलर न्यूक्लिअस एकाच मेगास्पोरपासून, नुसत्या मायटोसिसने तयार होतात (नेहमीच्या पॉलिगोनम प्रकारच्या एम्ब्रियो सॅकमध्ये). म्हणून तिघांची प्लॉइडी सारखी आणि जीनोटाइपही सारखा.

मादी टेट्राप्लॉइड, नर डिप्लॉइड: अंडपेशी २एन, परागातला गॅमेट एन. भ्रूण ३एन, एंडोस्पर्म २ + २ + १ = ५एन.

उलट केलं, मादी डिप्लॉइड आणि नर टेट्राप्लॉइड: भ्रूण १ + २ = ३एन, एंडोस्पर्म १ + १ + २ = ४एन. भ्रूण दोन्हीकडे सारखा, एंडोस्पर्म वेगळा. पेपर काढणाऱ्याला हा प्रश्न आवडतो तो याचसाठी.

जीनोटाइप विचारला तरी हीच बेरीज. मादी मोठा ए-मोठा ए, नर छोटा ए-छोटा ए: भ्रूणात एक मोठा व एक छोटा, एंडोस्पर्ममध्ये दोन मोठे व एक छोटा. नर-मादीची अदलाबदल केली तर एंडोस्पर्ममध्ये एक मोठा, दोन छोटे.

मक्यात २एन = २०. न्यूसेलस २०, सिनर्जिड १०, अँटिपोडल १०, भ्रूण २०, एंडोस्पर्म ३०. अल्यूरोन थर ३०, कारण तो एंडोस्पर्मचाच भाग. स्क्युटेलम २०, कारण ते बीजपत्र, म्हणजे भ्रूणाचा भाग. भाग कशापासून झाला ते माहीत असलं की आकडा सापडतो. याच कारणाने जिम्नोस्पर्ममध्ये एंडोस्पर्म एन असतं: ते फलनाआधी, मेगास्पोरपासून सरळ तयार होतं.

नारळाचं पाणी म्हणजे फ्री न्यूक्लिअर एंडोस्पर्म आणि आतलं खोबरं म्हणजे सेल्युलर एंडोस्पर्म. 'खोबरं म्हणजे बीजपत्र' हा पर्याय कायम दिलेला असतो आणि बरेच जण त्यावर टिक करतात.

आणखी एक नेहमीचा प्रश्न: १०० बिया तयार व्हायला किती मिऑसिस लागतील? मादीकडे एका मिऑसिसमधून चारपैकी एकच मेगास्पोर कामी येतो, म्हणून १००. नराकडे एका मिऑसिसमधून चार परागकण, म्हणून २५. एकूण १२५. प्रश्न '१०० परागकणांसाठी' असा असेल तर फक्त २५.

---

ऑस्मोसिस

चौथा आणि पाचवा मी घेतो.

शुद्ध पाण्याचं वॉटर पोटेन्शिअल शून्य. त्यात काही विरघळलं की ते शून्याच्या खाली जातं. पाणी जास्तीकडून कमीकडे जातं आणि उणे ५ हे उणे ६ पेक्षा जास्त. म्हणजे उणे ५ च्या पेशीतून उणे ६ च्या पेशीकडे. चिन्ह सोडून नुसता आकडा पाहिला की दिशा उलटते.

दुसरी चूक म्हणजे फक्त सोल्यूट पोटेन्शिअल बघून उत्तर देणं. वॉटर पोटेन्शिअल = सोल्यूट पोटेन्शिअल + प्रेशर पोटेन्शिअल. समजा 'क' पेशीत उणे १० आणि अधिक ४, बेरीज उणे ६. 'ख' पेशीत उणे ९ आणि अधिक २, बेरीज उणे ७. 'क' मध्ये विद्राव्य जास्त असूनही पाणी 'क' कडून 'ख' कडे जाईल. 'पाणी नेहमी घट्ट द्रावणाकडे जातं' हे वाक्य इथे खोटं पडतं. फुगलेल्या पेशीत प्रेशर पोटेन्शिअल धन असतं, लुळ्या पडलेल्या पेशीत शून्य; पूर्ण फुगलेल्या पेशीत दोन्हींची बेरीज शून्य होते, म्हणून पाणी आत जायचं थांबतं.

डीपीडीची (डिफ्यूजन प्रेशर डेफिसिटची) जुनी पद्धत विचारली तर डीपीडी = ऑस्मॉटिक प्रेशर − टर्गर प्रेशर. किंमत तीच, चिन्ह उलट. म्हणून पाणी कमी डीपीडीकडून जास्त डीपीडीकडे. दोन्ही पद्धती एकाच उत्तरात मिसळू नका.

एटीपी. हिशोब एकच आहे, दर वेगळे. एका ग्लुकोजमागे ग्लायकोलिसिसमध्ये २ एनएडीएच, पायरुव्हेटपासून ॲसिटिल को-ए होताना २, क्रेब्स सायकलमध्ये ६: एकूण १०. एफएडीएच-टू २. थेट मिळणारे एटीपी ४ (ग्लायकोलिसिसचे निव्वळ २, क्रेब्सचे २, क्रेब्समधले जीटीपी धरून).

जुना दर एनएडीएचला ३, एफएडीएच-टूला २: ३० + ४ + ४ = ३८.
नवा दर २.५ आणि १.५: २५ + ३ + ४ = ३२.

३६ आणि ३० कुठून येतात? ग्लायकोलिसिसमधले २ एनएडीएच सायटोप्लाझममध्ये तयार होतात आणि ते मायटोकॉन्ड्रियात थेट शिरू शकत नाहीत. ग्लिसरॉल फॉस्फेट शटलमधून इलेक्ट्रॉन आत गेले की ते एफएडीएच-टूच्या दराने मोजले जातात आणि २ एटीपी कमी होतात. मॅलेट-ॲस्पार्टेट शटलमध्ये हा तोटा होत नाही. प्रश्नात दर दिला असेल तर तोच वापरा. नसेल तर तुमच्या बोर्डाच्या किंवा एनसीईआरटीच्या पुस्तकातला दर धरा.

---

पानगळ

सगळ्यांचे मनापासून आभार. २एन = ४ ची चित्रं काढली, ॲनाफेज-१ आता स्पष्ट झालं. अडेनीन सर, सिकल सेलवरून एक विचारते. आई-वडील दोघेही कॅरिअर, एक मुलगा निरोगी आहे. तो कॅरिअर असण्याची शक्यता काही ठिकाणी १/२ दिलीय, काही ठिकाणी २/३. कोणती बरोबर?

---

अडेनीन

दोन्ही बरोबर असू शकतात, प्रश्न कसा विचारलाय त्यावर आहे.

कॅरिअर आई-वडिलांच्या मुलांमध्ये एए : एएस : एसएस (सिकल जीन नसलेले : एक सिकल जीन असलेले कॅरिअर : बाधित) हे प्रमाण १ : २ : १. मूल अजून जन्मलेलं नाही, त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही, तेव्हा कॅरिअर असण्याची शक्यता ४ पैकी २, म्हणजे १/२.

पण 'निरोगी आहे' असं सांगितलं की एसएस बाद झाला. उरले तीनच भाग, एक एए आणि दोन एएस. म्हणून २/३. छेदात ४ ठेवायचा की ३, हे त्या एका शब्दावर ठरतं.

इथून पुढचा प्रश्न हमखास येतो: या निरोगी मुलाचं लग्न कॅरिअर मुलीशी झालं तर पहिलं मूल सिकल सेलचं असण्याची शक्यता? तो कॅरिअर असण्याची २/३, मुलगी कॅरिअर आहे हे माहीतच आहे म्हणून १, दोघे कॅरिअर असतील तर बाधित मूल १/४. गुणाकार १/६.

हे गणित रक्ततपासणी झालेली नसेल तेव्हाचंच. विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकल सेल बऱ्याच कुटुंबांत आढळतो, तिथे हा प्रश्न पेपरपुरता राहत नाही. हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस केलं की एए आणि एएस वेगळे ओळखता येतात. मग २/३ उरत नाही; उत्तर एकतर शून्य किंवा १. साधी सोल्युबिलिटी टेस्ट एचबीएस (सिकल सेलचं हिमोग्लोबिन) आहे की नाही एवढंच सांगते, एएस आणि एसएस वेगळे करत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी दुसरी तपासणी) करावंच लागतं.